म्हशीचं क्लोनिंग: ब्लास्टोसिस्ट मिळतात, मग रेडकं का मिळत नाहीत?

मराठवाडी_व्हेट

नमस्कार मंडळी. पशुप्रजनन विषयात एमव्हीएससी करतोय, थिसिस म्हशीतल्या न्यूक्लियर ट्रान्सफरवर आहे. कत्तलखान्यातून ओव्हरी आणायच्या, अंडी ओढून काढायची, २४ तास मॅच्युअर होऊ द्यायची, मग केंद्रक काढून त्यात कातडीची पेशी बसवायची, करंट देऊन जोडायची आणि सात-आठ दिवस इनक्युबेटरमध्ये वाढवायची, हे सगळं आता हाताला बसलंय आणि ब्लास्टोसिस्टही (म्हणजे पोटात ठेवण्याजोगे सात-आठ दिवसांचे भ्रूण) बरे येतायत. पण जेवढे पेपर वाचतोय त्या प्रत्येकात सुधारणा म्हणजे ब्लास्टोसिस्टची टक्केवारी वाढली एवढंच, आणि शेवटी जिवंत रेडकू किती जन्मली हे बघायला गेलं की किती एम्ब्रियो ठेवले त्याच्या शेकड्यात चार-दोन, नाहीतर त्याचा उल्लेखच नाही. डॉली ही क्लोन मेंढी १९९६ मध्ये झाली तेव्हा २७७ जोडलेल्या अंड्यांतून २९ भ्रूण, १३ मेंढ्यांत ठेवले, आणि कोकरू एक. इतक्या वर्षांनी माणूस म्हणेल की आता तरी सोपं झालं असेल.

माझ्या गाईडनी विचारलंय की तू नक्की कुठल्या पायरीत सुधारणा करणार ते ठरव. केंद्रक काढायला मायक्रोमॅनिप्युलेटर मशीन घ्यायला लावायचं का हँडमेडच, म्हणजे हाताने ब्लेडने कापणं, चालू ठेवायचं, ट्रायकोस्टॅटिन वगैरे औषधं वापरायची का, की अडचण मुळात लॅबच्या बाहेर म्हशीच्या पोटात आहे? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, पुस्तकी उत्तरं माझ्याकडे भरपूर आहेत.

लॅबवाली_ताई

छान प्रश्न विचारलास, आणि तुझे गाईड बरोबर जागी बोट ठेवतायत.

हँडमेड का मशीन, यावर माझं मत एकदम पक्कं आहे, म्हशीत हँडमेडच. आणि ते फक्त पैसे वाचतात म्हणून नाही. म्हशीचं अंडं चरबीच्या थेंबांनी इतकं काळपट असतं की आतली क्रोमोझोमची प्लेट साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतच नाही, मग डाय टाकून यूव्ही मारावा लागतो आणि तो जरा जास्त झाला की अंड्यालाच इजा. हँडमेडमध्ये प्रोनेज या एन्झाइमने झोना, म्हणजे अंड्याचं बाहेरचं कवच, विरघळवली की क्रोमोझोम जिथे असतात त्या बाजूला अंड्याला बारीकसं टेंगूळ येतं, ते बघून हातातल्या मायक्रोब्लेडने तेवढा भाग कापून टाकायचा. गाबोर वाय्टा यांनी ही पद्धत गाईत बसवली आणि कर्नालच्या एनडीआरआय या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने म्हशीत. तिथे ६ फेब्रुवारी २००९ ला पहिलं रेडकू झालं ते थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने गेलं, मग ६ जून २००९ ला गरिमा जन्मली आणि दोन वर्षांवर जगली. हे सगळं ब्लेड आणि साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप यावर झालंय, त्यामुळे मशीन नाही म्हणून काम अडलंय असं कुणी सांगितलं तर मानू नकोस.

पण हँडमेडची एक किंमत असते ती पेपरमध्ये दोन ओळींत उरकतात. कापताना अंड्याचा बराच भाग जातो, म्हणून आकार भरून काढायला बहुतेक लॅबमध्ये दोन कापलेली अंडी आणि एक पेशी असं तिघांना जोडतात. म्हणजे एका भ्रूणाला दोन अंडी. म्हशीच्या ओव्हरीत आधीच गाईपेक्षा कमी फॉलिकल, त्यातून चांगली अंडी अजून कमी. शिवाय ती दोन अंडी दोन वेगळ्या म्हशींची असतात, म्हणजे होणाऱ्या रेडकात मायटोकॉन्ड्रिया दोन अनोळखी म्हशींचे आणि केंद्रक तिसरीचं. म्हणून हुबेहूब कॉपी म्हणताना जरा जपून म्हणावं असं मला वाटतं. आणि झोना नसलेले भ्रूण एकत्र ठेवले तर एकमेकांना चिकटतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा खड्डा लागतो, तुम्ही डिशमध्ये काय करता ते लिही.

तुझा खरा प्रश्न मात्र पेशीचा आहे. ज्या पेशी तू आत घालतोस त्यांची तयारी कशी करतोस?

मराठवाडी_व्हेट

ताई, खूप आभार. डिशमध्ये छोटे खड्डे पाडून एकेक ठेवतो. पेशी म्हणाल तर कानाच्या कातडीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी, डिश पूर्ण भरू देतो आणि मग दोन-तीन दिवस तशाच ठेवून वापरतो. सीरम कमी करून उपाशी ठेवायचं करून बघितलं पण पेशी मरायला लागतात.

लॅबवाली_ताई

डिश भरून ठेवलेली चालते, सीरम तोडायलाच पाहिजे असं नाही. डॉलीच्या वेळी विल्मट आणि कॅम्पबेल यांनी सीरम कमी करून पेशी झोपवल्या होत्या, मुद्दा झोपवण्याचा आहे. कारण तू जे अंडं वापरतोस ते विभाजनाच्या मधल्या टप्प्यात, मेटाफेज-२ ला, थांबलेलं, त्यात विभाजन घडवणारं एमपीएफ प्रथिन भरपूर, ते आत आलेल्या केंद्रकाचं आवरण तोडतं आणि क्रोमोझोम आकसवतं. पेशी त्या वेळी डीएनए दुप्पट करत असेल तर सगळा गोंधळ होतो, क्रोमोझोमचे तुकडे पडतात, आणि तरी त्यातले काही भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात!! दिसायला गोल गरगरीत आणि आतून निकामी. म्हणून नुसत्या टक्केवारीवर जाऊ नकोस, थोडे ब्लास्टोसिस्ट रंगवून पेशी मोज, आतला गठ्ठा आणि बाहेरचा थर वेगवेगळा मोज.

सातासमुद्रापार

मी मूळचा सांगलीचा, सध्या युरोपात एपिजेनेटिक्सवर काम करतो, जनावरांवर थेट नाही पण हा विषय जवळचा आहे म्हणून लिहितो.

ताईंनी सांगितलं ते केंद्रक आत जाईपर्यंतचं झालं. पुढची अडचण अशी की कातडीच्या पेशीत डीएनए पूर्ण असतो पण त्यातले कितीतरी जीन हिस्टोनवर (डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर) मिथाइल गट बसवून बंद केलेले असतात. घर तेच, पण अर्ध्या खोल्यांना कुलूप. स्पर्म आणि अंडं यांची कुलपं निसर्ग वेगळ्या पद्धतीने तयार करतो आणि भ्रूणाला ती उघडता येतात. कातडीच्या पेशीची कुलपं अंड्याला तेवढ्या वेळात उघडता येत नाहीत, त्याला वेळ किती, तर भ्रूणाचे स्वतःचे जीन चालू व्हायचे तोवर, गाईत साधारण आठ पेशींची अवस्था. तेवढ्यात जे उघडलं ते उघडलं.

२०१४ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं की सगळ्यात घट्ट कुलूप म्हणजे हिस्टोनच्या एच३के९ जागेवरचं ट्रायमिथायलेशन, म्हणजे तिथे बसलेले तीन मिथाइल गट. केडीएम४डी नावाच्या एन्झाइमचा आरएनए अंड्यात टोचला की ते निघतं आणि भ्रूण पुढे जातात. गाईत त्याच घराण्यातलं केडीएम४ई कमी पडतं असं २०१८ मध्ये चिनी गटाने दाखवलं. त्याआधी २००६ पासून ट्रायकोस्टॅटिन वापरात आहे, ते वेगळं कुलूप, ॲसिटाइल गट काढणाऱ्या एन्झाइमला अडवतं. उंदरात त्याने खूप फरक पडला, जपानमध्ये तर ट्रायकोस्टॅटिन वापरून एकाच उंदरापासून क्लोनचा क्लोन करत २५ पिढ्या नेल्या. पण मोठ्या जनावरात त्याचे निकाल लॅबगणिक बदलतात, डोस जास्त झाला तर विषारी, म्हणून ते घातलं की काम झालं असं धरू नका.

आणि हे नीट वाचा. शांघायच्या माकडांत २०१८ मध्ये दोन्ही उपाय वापरले, ट्रायकोस्टॅटिन आणि केडीएम४डी. गर्भाच्या फायब्रोब्लास्टपासून ७९ भ्रूण २१ माद्यांत ठेवले, ६ गाभण राहिल्या, २ पिल्लं जगली. प्रौढ माकडाच्या क्युम्युलस (अंड्याभोवतीच्या) पेशींपासून १८१ भ्रूण ४२ माद्यांत, २२ गाभण राहिल्या, आणि जन्मली फक्त २, तीही लगेच गेली. म्हणजे गाभण राहण्याचं प्रमाण प्रौढ पेशींमध्ये जास्तच होतं!! गर्भ राहणं आणि गर्भ टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्लास्टोसिस्टच्या टक्क्यात यातलं काहीच दिसत नाही.

गोठा_करवीर

राम राम. मी शेतकरी माणूस, तुमचं सगळं कळलं असं नाही पण शेवटपर्यंत वाचलं. आमच्याकडं पंढरपुरी म्हशी हाईत, त्यातली एक अशी हाय की एवढ्या वर्षात तसली दुसरी बघितली नाही, दरसाल येत्याय, कधी भाकड राहत नाही, वैरण कमी पडली तरी दूध फार मोडत नाही, शिंगं मागं पाठीपर्यंत. आता वय झालंय तिचं. तिची पेशी काढून ठेवता येईल का, आणि तिच्यासारखीच दुसरी करायला किती खर्च येईल? आणि क्लोन म्हणजे म्हातारीच जन्मते असं कुणीतरी सांगत होतं ते खरं का?

डॉ_गोठा

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. म्हातारी जन्मत नाही. डॉली ६ वर्षांची असताना १४ फेब्रुवारी २००३ ला तिला झोपवावं लागलं म्हणून ही गोष्ट पसरली, पण तिला फुप्फुसात गाठ झाली होती आणि ती मेंढ्यांच्या एका व्हायरसमुळे होते, क्लोन असण्याशी त्याचा संबंध नाही. ज्या पेशींपासून डॉली केली त्याच पेशींपासून केलेल्या चार मेंढ्या नॉटिंगहॅमला होत्या, त्या ७ ते ९ वर्षांच्या झाल्यावर तपासल्या तर साध्या मेंढ्यांसारख्याच धडधाकट, थोडाफार सांधेदुखीचा त्रास सोडला तर. हे २०१६ मध्ये छापून आलंय. जी क्लोन जनावरं पहिले काही आठवडे काढतात ती बहुतेक चांगली जगतात, वितात, दूध देतात. कर्नालची गरिमा-२ ही २२ ऑगस्ट २०१० ला जन्मली आणि २५ जानेवारी २०१३ ला व्याली, महिमा नावाची पारडी झाली.

पेशी ठेवता येते. कानाची किंवा शेपटीच्या खालच्या बाजूची हरभऱ्याएवढी कातडी, जागा नीट स्वच्छ करून भूल देऊन काढायची, अँटिबायोटिक घातलेल्या सलाइनमध्ये थंड ठेवून एका दिवसात लॅबला पोचवायची, तिथे वाढवून लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवली की वर्षानुवर्षं राहते. म्हशीला काही त्रास नाही. पण शेतकऱ्याने पैसे भरून क्लोन करून घ्यावा अशी सोय मी आपल्याकडे कुठे बघितलेली नाही, हे काम संशोधन केंद्रातच चालतं, आणि तिथेही बहुतेक वेळा निवडलेल्या रेड्याचं. हिसारच्या सीआयआरबी या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेने ११ डिसेंबर २०१५ ला हिसार-गौरव केला आणि पुढे एम-२९ नावाच्या एका रेड्याचे सात क्लोन केले. एका रेड्याचं सीमेन हजारो म्हशींना जातं, त्यामुळे तिथे एवढा खटाटोप परवडतो. एका म्हशीसाठी नाही परवडत.

आणि मनापासून सांगतो, दुधात म्हशीम्हशीत जो फरक दिसतो त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश, बाकी वैरण, पाणी, गोठा आणि तुमचा हात. तुमच्या म्हशीची पारडी आहे का? नसेल तर वय फार व्हायच्या आत चांगल्या पंढरपुरी रेड्याचं सीमेन भरा, जमलं तर तिची अंडी सुईने काढून आयव्हीएफ करून घ्या, ते आता राज्यात होतं. कातडीही ठेवून द्या, पण पहिली आशा पारडीवर.

आता मराठवाडी_व्हेट तुझ्यासाठी. मी फिल्डवर आणि काही वर्षं भ्रूण प्रत्यारोपणाच्या कामात काढली, त्यावरून सांगतो की तुझी अडचण वारेत आहे. गाईच्या वारेत साधारण ७० ते १२० प्लॅसेंटोम, म्हणजे वार आणि पिशवी जोडणाऱ्या गाठी, असतात. क्लोनच्या वारेत ते कमी असतात आणि जे असतात ते भलतेच मोठे. सुरुवातीला रक्तपुरवठाच नीट होत नाही म्हणून निम्म्याहून जास्त गर्भ दोन-तीन महिन्यांतच जातात, हे बीजवाहक जनावराच्या, म्हणजे ज्याच्या पोटात भ्रूण ठेवला त्याच्या, मालकाला कळतही नाही, ते फक्त माजावर आलं म्हणतात. जे उरतात त्यातल्या काहींत शेवटच्या टप्प्यात पिशवीत पाणी भरतं, पोट हा हा म्हणता वाढतं, आणि मग गाय वाचवायची का वासरू हे ठरवावं लागतं. वासरू मोठं, नाळ जाड, कळा वेळेवर येत नाहीत, म्हणून डेक्सामेथासोन देऊन किंवा सीझर करून काढायचं आणि पहिले दोन दिवस ऑक्सिजनजवळ बसून राहायचं. लॅबचं काम सातव्या दिवशी संपतं आणि जनावराचं तिथून सुरू होतं, म्हशीत तर तिथून पुढे दहा महिने.

म्हणून माझं म्हणणं, तुला सुधारणा करायची असेल तर भ्रूण ठेवल्यापासूनच्या नोंदीत कर. ३० ते ३५ दिवसांना सोनोग्राफी, मग ६० ला, मग ९० ला, आणि रक्तात पीएजी, म्हणजे वारेतून रक्तात येणारं प्रथिन. क्लोनच्या गाभात ते पुष्कळदा नेहमीपेक्षा वर जातं, म्हणजे वार बिघडायला लागल्याची खबर आधी मिळते. हे आकडे म्हशीच्या क्लोनचे फार कमी लोकांनी सलग लिहून ठेवलेत.

सातासमुद्रापार

डॉक्टरांनी वारेचं सांगितलं त्याला एक जोड. २०२४ मध्ये शांघायच्याच लोकांनी ऱ्हीसस माकडात क्लोन भ्रूणाचा बाहेरचा थर, ज्याची पुढे वार होते, तो काढून टाकला आणि इक्सीने (अंड्यात स्पर्म टोचून) केलेल्या साध्या भ्रूणाचा थर वापरला. आतला गठ्ठा क्लोनचा, वार दुसऱ्याची. त्यातून झालेलं माकड दोन वर्षांच्या पुढे जगलं. याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही की क्लोन गर्भ मुळात बरा असू शकतो आणि वार त्याला मारते. म्हशीत हे करायला ताईंच्या हँडमेड पद्धतीत उलट सोपं जाईल, झोना नाहीच आहे, भ्रूण एकमेकांना चिकटवायचेत आणि ते चिकटतातच. थिसिसमध्ये मावणार नाही पण पुढे पीएचडीला डोक्यात ठेव.

मराठवाडी_व्हेट

डॉक्टर, ताई, सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. आमच्याकडे बीजवाहक म्हशी मोजक्याच आहेत, त्यामुळे तीन गट करून तुलना वगैरे जमणार नाही. मग मी एकच बदल करायचा तर कुठला करू? पेशी बदलू का? आणि गाईवर करायचं असेल तर अंड्यांचं काय, आपल्या राज्यात गाईच्या ओव्हरी कत्तलखान्यातून मिळूच शकत नाहीत.

लॅबवाली_ताई

गाईचं आधी. गोवंश हत्याबंदी असल्यामुळे ओव्हरीचा रस्ता बंदच, जिवंत गाईतून सोनोग्राफी बघत सुईने अंडी काढावी लागतात. कर्नालला गंगा नावाची गीर कालवड १६ मार्च २०२३ ला झाली ती अशीच, पेशी गीर गाईच्या आणि अंडी साहिवालची अशी सुईने (ओपीयू करून) काढलेली, जन्मताना वजन ३२ किलो. जमतं, पण एका वेळी मिळणारी अंडी मोजकी, त्यामुळे शिकण्याचं काम म्हशीवर कर आणि हात पक्का झाल्यावर गाईकडे जा. देवणी किंवा लाल कंधारीसाठी कुणीतरी हे करायला हवं असं मला फार वाटतं, पण आधी त्यांच्या पेशी तरी गोठवून ठेवलेल्या असायला हव्यात.

एकच बदल करायचा तर हो, पेशी बदल. जपानमध्ये १९९८ साली एकाच गाईच्या क्युम्युलस आणि ओव्हिडक्टच्या (अंडवाहिनीच्या) पेशींपासून १० भ्रूण ५ गाईंत ठेवले आणि ८ वासरं जन्मली, त्यातली ४ गेली ती गोष्ट वेगळी, पण एवढी जन्मली हेच केवढं. वर माकडांचे आकडे आलेतच, गर्भाच्या पेशी टिकल्या आणि प्रौढ पेशी नाही टिकल्या. गरिमा-२ ला एम्ब्रियॉनिक स्टेम सेल वापरली होती. दुसरीकडे कर्नालचीच लालिमा कानाच्या पेशीपासूनच झाली, म्हणजे कान वाईट असं नाही, एकाच जनावराच्या दोन डिशमधल्या पेशीसुद्धा वेगळ्या वागतात. ज्या जनावराचं दूध किंवा सीमेन सिद्ध झालंय त्याची गर्भपेशी मिळणार नाही हे मान्य, म्हणून निदान एकाच जनावराच्या कानाच्या आणि शेपटीच्या पेशी घे, पाचव्या पॅसेजच्या (डिश भरली की पेशी नव्या डिशमध्ये वाटण्याच्या खेपेच्या) आतच वापर, क्रोमोझोम मोजून घे कारण जास्त वाढवल्यावर संख्या बिघडते. दोन्हीकडून सारखेच ब्लास्टोसिस्ट आले तरी थांबू नकोस, आतल्या आणि बाहेरच्या पेशींची मोजणी आणि डॉक्टर म्हणाले त्या ३०, ६०, ९० दिवसांच्या नोंदी ठेव, मोजक्या म्हशींवर का होईना. ज्या डिशमधून पेशी उचलल्यास त्याच डिशच्या उरलेल्या पेशी त्याच दिवशी गोठव आणि ट्यूबवर म्हशीचा टॅग नंबर, पॅसेज आणि तारीख लिही, म्हणजे एखादा गाभ ९० दिवसांच्या पुढे टिकला तर नेमक्या त्याच पेशी परत काढता येतील.

गोठा_करवीर

डॉक्टर, पारडी हाय एक, दीड वर्षाची, आईसारखीच दिसत्याय. सीमेनचं बघतो. कातडी काढायला आमच्या गावच्या डॉक्टरला सांगितलं तर तो काढंल का, का लॅबचाच माणूस लागतो?

डॉ_गोठा

कुठलाही पशुवैद्य काढेल दादा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त आधी लॅबला फोन करून ते घ्यायला तयार आहेत का विचारा, बाटली आणि सलाइन त्यांच्याकडूनच मागवा, बर्फात ठेवा पण गोठू देऊ नका. आणि त्या दिवशी म्हशीच्या टॅगचा, शिंगांचा आणि कासेचा फोटो काढून, वेतं किती झाली आणि एका वेताला दूध किती होतं ते लिहून सोबत द्या. नुसती कातडी गेली तर उद्या ती कुठल्या म्हशीची आणि का ठेवली हे सांगायला कुणी नसतं.